चित्रातले आभाळ तांबूस का झाले?

तुमच्यापैकी पुष्कळांनी एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेसाठी जलरंगात निसर्गचित्र रंगवले असेल. मागे डोंगर, मध्ये शेत, पुढे एखादे झाड आणि वर आभाळ. ही चित्रपद्धती आपल्याकडे इंग्लंडमधून आली. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि तिच्या प्रसाराला मोठा हातभार लागला. खुद्द इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जलरंगातील ग्रामीण देखाव्यांना इतकी मागणी होती की, मध्यमवर्गीय घरांच्या बैठकीतही अशी चित्रे टांगलेली असत. त्यांपैकी काही चित्रांकडे आज आपण भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहणार आहोत.

पीटर डी विंट (1784–1849) हा त्या काळातला नामवंत जलरंगचित्रकार. त्याच्या आयुष्याची शेवटची बारा वर्षे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत गेली. लिंकन शहराच्या आसपासचा सपाट मुलूख हा त्याचा आवडीचा विषय. आडवा लांबट कागद, त्यावर दूरवर पसरलेली शेते, गवताच्या गंजी, एखादी संथ नदी, गाडीचे घोडे, वाकून काम करणारी माणसे. चित्रात घाईगर्दी कुठेच नाही. त्याच्या कितीतरी चित्रांत आभाळावर मंद तांबूस छटा आहे आणि झाडे तपकिरी दिसतात. पाहणारा सहज म्हणतो, “काय छान संध्याकाळ आहे! शरद ऋतू असावा.”

आता जरा विचार करा. इंग्लंडात गवताची कापणी होते जून-जुलैमध्ये. त्या वेळी तिथली झाडे गर्द हिरवी असतात. मग खाली गवत कापणारी माणसे आणि वर पानगळीच्या रंगाची झाडे हा मेळ कसा बसावा? डी विंट तर शेताच्या बांधावर बसून समोर दिसेल ते रंगवणारा माणूस. त्याच्या हातून अशी चूक होणे कठीण. तेव्हा चित्रकाराने रंगवले ते एक आणि आज आपण पाहतो ते दुसरे, अशी शंका घ्यायला जागा आहे. शंका खरी आहे. बदल घडवून आणणारा गुन्हेगारही सापडला आहे, आणि तो म्हणजे ज्याच्यामुळे आपण चित्र पाहू शकतो तो प्रकाश!

नीळ आणि गेरू

पावसाळी ढगांचा करडा रंग तुम्ही कसा तयार करता? बहुधा काळ्यात पाणी घालून. त्या काळचे जाणते चित्रकार काळा रंग टाळत, कारण त्याने ढग मळकट दिसतात. ते दोन रंग मिसळत. एक इंडिगो, म्हणजे झाडापासून मिळणारी आपली नीळ. दुसरा ‘इंडियन रेड’ किंवा त्याच जातीचा एखादा तांबडा, म्हणजे आपला गेरूच म्हणा ना. नावातच हिंदुस्थान आहे! डी विंटच्या पेटीत हे दोन्ही रंग होते.

नीळ प्रकाशातील तांबडा, नारिंगी व पिवळा भाग शोषून घेते. गेरू शोषतो तो जांभळा, निळा व हिरवा भाग. दोन्ही एकत्र आले की प्रत्येक रंगाच्या प्रकाशातून थोडा थोडा भाग कमी होतो आणि उरलेला प्रकाश करडा दिसतो. रंगद्रव्यांचे मिश्रण ही अशी वजाबाकी असते. हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने 1852 साली स्पष्ट केले. त्याआधी निळा आणि पिवळा प्रकाश एकत्र केला तरी हिरवाच मिळेल, असा भल्याभल्यांचा समज होता.

आता या मिश्रणातील नीळच नाहीशी झाली तर? तांबडा-पिवळा प्रकाश अडवणारे कोणी राहत नाही. गेरूचे काम मात्र चालूच असते. करडा ढग गुलाबी होतो. झाडांचेही तसेच. नीळ आणि पिवळी किंवा तपकिरी माती मिसळून केलेल्या हिरव्यातून नीळ गेली, की मातीचा रंग उरतो आणि जूनमधल्या झाडावर ऑक्टोबर उतरतो. याच्या उलटही घडते. हिरव्यातला पिवळा जर ‘गँबोज’ असेल, तर तो आधी फिका पडू शकतो आणि झाडे निळसर दिसू लागतात. (गँबोज हा आग्नेय आशियातील एका झाडाचा वाळवलेला चीक. हे झाड आपल्या कोकणातल्या रातांब्याच्या प्रजातीतले आहे.)

पातळ थराची गोष्ट

तुम्ही विचाराल, तैलचित्रांतही हेच रंग असतात, मग जलरंगांचीच एवढी काळजी का? याचे उत्तर जलरंगाच्या रचनेत आहे. रंगद्रव्याची बारीक पूड आणि बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक, एवढाच हा मामला. पाण्यात कालवून कागदावर हात फिरवला की पाणी उडून जाते आणि कणांचा अतिशय विरळ थर डिंकाने कागदाला चिकटून राहतो. चित्रातला उजळपणा रंगाचा नसतो, कागदाचा असतो. प्रकाश थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावरून परततो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो.

म्हणजे प्रकाशाला तोच थर दोनदा ओलांडावा लागतो. समजा, एखादा थर तांबड्या प्रकाशाचा 70 टक्के भाग पलीकडे जाऊ देतो. तर परत येणारा प्रकाश 0.7 × 0.7, म्हणजे 49 टक्के. (कागद सगळा प्रकाश परत पाठवतो असे सोयीसाठी धरले आहे.) आता थरातले निम्मे रंगद्रव्य नष्ट झाले, तर एका फेरीत 0.7 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे 84 टक्के प्रकाश पलीकडे जाईल आणि दोन फेऱ्यांनंतर 70 टक्के. 49 चे 70! हा फरक साध्या डोळ्यांना सहज दिसतो. तैलरंगाचा थर जाड असतो. वरच्या कणांच्या आड खालचे कण सुरक्षित राहतात आणि वाळलेल्या तेलाच्या वेष्टनामुळे हवेलाही आत शिरणे अवघड जाते. जलरंगात प्रत्येक कण जणू उघड्या माळावर उभा असतो.

1886 चे भांडण

लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे 1857 साली एक संग्रहालय उघडले. आज ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखले जाते. तिथे जलरंगचित्रे लोकांना पाहण्यासाठी वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेली असत. 1886 साली जे. सी. रॉबिन्सन या जाणकाराने ‘टाइम्स’ पत्रातून तक्रार केली की, उजेडामुळे ही चित्रे नासत आहेत. झाले! दुसऱ्या बाजूने उत्तरे आली आणि वाद पेटला. चांगला जलरंग टिकतो, आमच्या घरी अमुक चित्र इतकी वर्षे आहे, त्याला काही झालेले नाही, असे एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, डोळे उघडून पाहा. दोन्ही पक्षांत मोठी माणसे होती, पण मोजमाप कोणाकडेच नव्हते.

मला या कथेतला सर्वांत आवडणारा भाग यापुढचा आहे. सरकारने हा प्रश्न दोन प्रयोगशील माणसांकडे सोपवला. एक रसायनशास्त्रज्ञ विल्यम रसेल आणि दुसरे लष्कराच्या इंजिनिअर दलातले कॅप्टन विल्यम ॲब्नी. ॲब्नी यांचे नाव भौतिकशास्त्राच्या इतिहासात अवरक्त किरणांचे छायाचित्र घेणारे म्हणून येते. प्रकाशाने रसायने कशी बदलतात हे छायाचित्रणामुळे त्यांना चांगले ठाऊक होते.

दोघांनी कागदाच्या पट्ट्यांवर त्या काळी वापरात असलेले रंग पातळ ते दाट अशा चढत्या थरांत लावले. काही पट्ट्यांवर एकेकटे रंग, काहींवर मिश्रणे. पट्ट्या काचेच्या नळ्यांत ठेवल्या. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग झाकलेला, अर्धा उघडा. मग या नळ्या उन्हात मांडल्या आणि जवळजवळ दोन वर्षे वाट पाहिली. चार दिवसांत निकाल हवा असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

इथपर्यंतचा प्रयोग कोणीही केला असता. खरी हुशारी पुढे आहे. सगळ्या नळ्या सारख्या नव्हत्या. काही दोन्ही टोकांना उघड्या, म्हणजे साधी हवा येत-जात राहणार. काहींत कोरडी हवा भरून तोंडे बंद केलेली, काहींत दमट हवा, काहींत हायड्रोजन. काहींतली हवा पंपाने काढून टाकलेली. प्रकाश सर्वांना सारखाच. फरक फक्त रंगाभोवती काय आहे याचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तुम्ही प्रयोगवहीत लिहिता तो हाच.

1888 साली अहवाल प्रसिद्ध झाला. उघड्या हवेत पुष्कळ रंग उडाले. सर्वांत नाजूक ठरला किरमिजी, म्हणजे किड्यांपासून मिळणारा कारमाइन. नीळ आणि गँबोजही उडणाऱ्यांच्या यादीत वरच्या बाजूला होते. पिवळी माती, इंडियन रेड, कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन यांना काही झाले नाही. दमट हवेत नुकसान जास्त, कोरड्या हवेत कमी. आणि निर्वात नळ्यांत? ऊन तेच, काळ तोच, पण बहुतेक रंग जसेच्या तसे!

म्हणजे गुन्हेगार एकटा नव्हता. प्रकाशाला ऑक्सिजनची आणि बाष्पाची साथ होती.

एका रंगाने मात्र सगळ्यांना चकवले. प्रशियन निळा हा रंग उघड्या हवेत टिकला, पण निर्वात नळीत फिका पडला आणि पुन्हा हवा मिळताच त्याचा निळेपणा परत आला. कारण या रंगातील लोह दोन रूपांत असते. प्रकाशाने एक रूप दुसऱ्यात जाते आणि निळा रंग मंदावतो. हवेतला ऑक्सिजन ते पूर्ववत करतो. जो इतरांचा शत्रू, तो याचा वैद्य.

निळा प्रकाशच अधिक घातक का?

रसेल आणि ॲब्नी यांनी काही पट्ट्या रंगीत काचांखाली ठेवल्या होत्या. तांबड्या काचेखाली फारसा बदल झाला नाही. निळ्या काचेखाली मात्र पांढऱ्या प्रकाशात होतो जवळजवळ तितका झाला. याचे नीट स्पष्टीकरण त्यांना देता येणे शक्य नव्हते, कारण प्रकाश ऊर्जेच्या पुड्यांच्या रूपाने येतो ही कल्पना आइनस्टाइन यांनी मांडली 1905 साली. आपल्याला ते सोपे आहे. एका प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हवी असेल, तर 1240 ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा. तांबडा प्रकाश, 700 नॅनोमीटर: सुमारे 1.8. निळा, 450 नॅनोमीटर: सुमारे 2.8. जांभळ्याच्या टोकाला, 400 नॅनोमीटर: 3.1.

कार्बनच्या दोन अणूंमधील साधा बंध तोडायला सुमारे 3.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे दृश्य प्रकाशातील एकटा कण हा बंध सरळ तोडू शकत नाही. अतिनील किरण तोडू शकतात. पण दृश्य प्रकाशाचा कण दुसरे एक काम करतो. तो रेणूतल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर ढकलतो. असा उत्तेजित रेणू क्षणभर अस्थिर असतो आणि त्याच क्षणी शेजारी ऑक्सिजन भेटला तर त्याच्याशी संयोग पावतो. नीळीच्या रेणूचे दोन अर्ध एका दुहेरी बंधाने जोडलेले असतात. ऑक्सिजन नेमका तिथे घाव घालतो. रेणूचे दोन तुकडे होतात आणि आयसॅटिन नावाचा फिकट पिवळसर पदार्थ उरतो. निळेपणा संपला. निर्वात नळीत ऑक्सिजनच नाही, त्यामुळे उत्तेजित रेणू मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून देतो आणि पुन्हा जागेवर येतो.

गेरूचे मात्र असे काही होत नाही. गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइड, सोप्या भाषेत गंजच. जे लोखंड आधीच पुरते गंजले आहे, त्याला हवा आणखी काय करणार? तोही प्रकाश शोषतो, पण ती ऊर्जा उष्णतेत जाते. दगडावर गेरूने काढलेली आदिमानवांची चित्रे हजारो वर्षे टिकली आहेत, ती याच कारणाने.

हे सारे कळल्यावर चित्रकारांनी काय केले? शहाण्यांनी आपली पेटी तपासली. हेलन ॲलिंगहॅम (1848–1926) ही सरे परगण्यातील कौलारू आणि गवती छपरांची घरे, त्यांपुढच्या फुलबागा, दारात उभी असलेली मुले रंगवणारी चित्रकर्ती. 1890 साली रॉयल वॉटरकलर सोसायटीची ती पहिली पूर्ण सभासद स्त्री झाली. ती मोजकेच रंग वापरी. त्यांत कोबाल्ट निळा, पिवळी माती आणि गेरूच्या जातीचा तांबडा हे टिकाऊ रंग होते. मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांपासून केलेला गुलाबी रंगही होता, आणि तो काही तेवढा भरवशाचा नाही. तिच्या फुलबागांतल्या गुलाबांची काळजी तेवढ्यासाठी करावी लागते.

पाहायचे तरी किती?

अहवालाने रंग उडतात हे सिद्ध केले. पण घरातल्या किंवा दालनातल्या मंद उजेडात त्याला उन्हापेक्षा पुष्कळच अधिक काळ लागतो, हेही दाखवले. प्रश्न उरला तो हिशेबाचा. आज संग्रहालयांत जलरंगचित्रांवर साधारण 50 लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत. रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस धरले, तर 50 × 8 × 300 म्हणजे 1,20,000 लक्स-तास होतात. आता भर दुपारच्या उन्हाची दीप्ती सुमारे 1,00,000 लक्स असते. म्हणजे दालनातले अख्खे वर्ष बरोबर उन्हातली सुमारे 72 मिनिटे! उन्हात अतिनील किरणही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी मिनिटे पुरतील. मंद प्रकाश दीर्घकाळ किंवा प्रखर प्रकाश थोडा वेळ, परिणाम साधारण सारखाच, हे इथे गृहीत धरले आहे. नाजूक रंगांच्या बाबतीत ते बहुतांशी खरे ठरते.

म्हणून अशी चित्रे काही महिने भिंतीवर, मग काही वर्षे अंधाऱ्या पेटीत, असा क्रम ठेवतात. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाने तर याबाबत अट घालून ठेवली. त्याने आपल्याजवळची टर्नरची 38 जलरंगचित्रे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला दिली. 1900 साली ती एडिंबरोला आली. ही चित्रे फक्त जानेवारी महिन्यात दाखवायची, एरवी बंद ठेवायची! जानेवारीच का? एडिंबरोचे अक्षवृत्त सुमारे 56 अंश उत्तर. जानेवारीच्या आरंभी सूर्य विषुववृत्ताच्या 23 अंश दक्षिणेला असतो. तेव्हा माध्यान्हीची सूर्याची उंची 90 − 56 − 23, म्हणजे अवघी 11 अंश. दिवसही साताठ तासांचा. (मुंबईचा हिशेब तुम्ही करा; उत्तर 48 अंशांच्या आसपास यायला हवे.) ही चित्रे आजही ताजी दिसतात. त्या चित्रसंग्रहालयात जानेवारीत येणाऱ्याला टर्नरचा निळा दिसतो, जुलैत येणाऱ्याला काहीच दिसत नाही. मला विचाराल तर सौदा योग्य आहे, पण माझे काही सहकारी हे मानत नाहीत. बंद पेटीतले चित्र कोणासाठी, असे ते विचारतात.

एखादे चित्र मुळात कसे होते हे कसे कळते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. चित्राला माउंट लावलेला असतो. त्याच्या आड कागदाची बोटभर कड झाकली जाते. तिथे उजेड पोहोचत नाही. माउंट काढला की मूळ रंगाची पट्टी चौफेर दिसते.

हे मी घरी अनुभवले आहे. 1994 साली नववीत असताना मी आमराईचे एक जलरंगचित्र काढले होते. आईने ते हौसेने चौकटीत बसवून पडवीत पश्चिमेच्या खिडकीसमोर लावले. पुढे त्यातली झाडे निळसर दिसत. लहानपणी आपल्याला हिरवा रंग करता येत नव्हता, अशीच माझी समजूत होती. वीस वर्षांनी घराला रंग देताना चौकट उतरवली, काच फुटली म्हणून चित्र बाहेर काढले, तर माउंटखाली कडेने लख्ख हिरवी पट्टी! स्वस्तातल्या पेटीतला पिवळा उडाला होता. न्हाव्याच्या दुकानातली जुनी छापील चित्रे निळी पडलेली तुम्ही पाहिली असतील, त्यांचेही कारण असेच. छपाईच्या शाईतील पिवळा आणि गुलाबी आधी जातो, निळा मागे राहतो.

तुमच्यासाठी प्रयोग

कपड्यावर पडलेला हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की जातो, हे तुमच्या आईला रसेल आणि ॲब्नी यांचे नाव न ऐकताही माहीत असते. त्याचाच उपयोग करू. चित्रकलेच्या जाड पांढऱ्या कागदाच्या तीन पट्ट्या घ्या. हळदीची पूड पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घाला आणि पहिली पट्टी रंगवा. दुसरीवर गेरू, तोही डिंकाच्या पाण्यात. तिसरीवर हळदीत रंगपेटीतला निळा मिसळून केलेला हिरवा. (मिश्रण लालसर झाले तर पाण्यात साबण किंवा सोडा आहे असे समजा आणि नव्याने करा.) पट्ट्या सावलीत वाळवा. प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाका आणि त्या उन्हात ठेवा. उन्हाचे तास वहीत लिहा. रोज संध्याकाळी काळा कागद उचलून दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहा. आधी कोणती पट्टी बदलते? हिरव्या पट्टीचा उघडा भाग कोणत्या रंगाकडे झुकतो?

शिक्षकांनी याला एक जोड द्यावी. हळदीच्या दोन सारख्या पट्ट्या झाकणाच्या दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत ठेवाव्यात. एकीत ओल्या कापसाचा बोळा, दुसरीत बुटांच्या खोक्यात मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्या. बोळा पट्टीला लागू देऊ नये. दोन्ही बाटल्या एकाच खिडकीत, एकाच उन्हात ठेवाव्यात. निकाल मी इथे सांगत नाही. मुलांनी आधी आपापला अंदाज वहीत लिहावा आणि मगच बाटल्या उन्हात मांडाव्यात.